पॅसिफिकच्या अटॉलवर ल्युअर घेऊन निघाला असशील तर

काका म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मे महिन्यात फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांवर एका ४० फुटी शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून चढायचंय, तिथनं तुआमोतूचे अटॉल, म्हणजे मध्ये पाणी असलेली प्रवाळाची कडी, करत करत ताहितीपर्यंत, कॅप्टनने मासे पकडायचं खातं तुझ्याकडे दिलंय, आणि तुझा अनुभव म्हणजे देवगडच्या जेटीवर गरी टाकून बसणं आणि अंदमानला दोन दिवसांची चार्टर. ल्युअर, म्हणजे गळाची खोटी आमिषं, कुठले न्यायचे, प्रवाळाच्या जवळ कसं गरवायचं, आणि मिळालेलं सगळं खाता येतं का. मी हा पट्टा दोनदा केलाय, एकदा ४२ फुटी बोटीवर आणि एकदा त्याहून लहान, दोन्ही वेळा मासेवाला मीच. तुझा तिसरा प्रश्न पहिला घेतो कारण तो चुकला तर बाकीच्या दोघांना काही अर्थ उरत नाही.

देवगडला तीन तास बसल्यावर एखादा गोबरा लागतो आणि तो घरी येतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. तिथे उलटं आहे. पासच्या, म्हणजे अटॉलच्या कड्यातून आत जायच्या फटीच्या, तोंडाशी पहिल्या दहा मिनिटांत मासा लागतो आणि तो हातात धरून तू विचार करत बसतोस की ह्याचं करायचं काय. कारण सिग्वातेरा, म्हणजे प्रवाळातले मासे खाऊन होणारी विषबाधा. मेलेल्या प्रवाळावर जे शेवाळ धरतं त्यावर गॅम्बियरडिस्कस नावाचा एक सूक्ष्म जीव राहतो, शेवाळ खाणारे मासे त्याला गिळतात, त्यांना मोठे मासे खातात, आणि विष साठत साठत वर चढतं. नावातलं गॅम्बियर म्हणजे तुआमोतूच्या आग्नेय टोकाची गॅम्बियर बेटं, १९७० च्या दशकात तो तिथेच सापडला. हे विष शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये ठेवून जात नाही, वास नाही, चव नाही, मासा बघायला एकदम तुकतुकीत. माशी बसते का बघा, चांदीचं नाणं काळं पडतं का बघा, मांजराला घाला, असले सगळे उपाय तुला बोटीबोटीवर ऐकायला मिळतील, एकावरही भरवसा ठेवू नको. कॅप्टन कुकच्या जहाजावरचे अधिकारी १७७४ साली, आज ज्याला वानुआतू म्हणतात तिथे, ताजा मासा खाऊन आडवे झाले होते, तो हाच विकार असं आता मानतात. आणि हे फक्त तिकडचं नाही हां, आपल्या मंगळूरला तांबोशीच्या जातीतल्या मोठ्या माशामुळे लोक आजारी पडल्याचं प्रकरण झालेलं आहे.

मी स्वतः खाल्लाय हा मार. पहिल्या सफरीत, एका पासच्या बाहेर, साधारण तीन किलोचा बोहार लागला, लालसर, तांबोशीसारखाच दिसतो, पाठीवर कधी दोन फिकट ठिपके असतात. मालवणी माणसाला तांबोशी दिसली की डोकं चालत नाही. कोणाला विचारलं नाही, तिखलं केलं, वर डोक्याचं सार. रात्री पोट गेलं, ते ठीक, पोट जातंच बोटीवर. खरा प्रकार दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंड धुवायला गार पाणी घेतलं आणि हाताला एकदम भाजल्यासारखं झालं, म्हणजे पाणी गारच होतं पण तळहात सांगत होता की उकळतंय. ओठ बधीर, दात हलतायत असं वाटणं, तळपायाला खाज. कॅप्टनने दोनच घास खाल्लेले, तो दोन दिवसांत सावरला, मी पाच आठवडे. ह्याला उतारा असा नाही, डॉक्टर लक्षणांवरच उपचार करतात, पण नाडी मंदावली, चक्कर यायला लागली तर रेडिओवर वैद्यकीय मदत मागायचीच, अंगावर काढायचं नाही. पुढे काही महिने दारू आणि मासे दोन्ही बंद, कारण त्याने लक्षणं परत उसळतात. कोकणी माणसाला महिनोन्महिने मासे बंद, कल्पना कर.

तेव्हा नियम असा की बोहार, मोरे म्हणजे ती जाड सापासारखी ईल, बाराकुडा, मोठे गोबरे आणि मोठे जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली, हे खायचेच नाहीत. कुठल्याही रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या कडेच्या, माशाचं डोकं, काळीज, गाबोळी आणि आतडी खायची नाहीत, आपल्याला जे सगळ्यात आवडतं नेमकं तिथेच विष जास्त. नेपोलियन रास नावाचा हिरवा-निळा, कपाळावर टेंगूळ असलेला मोठा मासा चुकून लागला तर लगेच सोड, तो जगभरातच दुर्मिळ होत चाललाय. आणि लहान रीफचा मासासुद्धा गावात विचारल्याशिवाय नाही. विचारायचं म्हणजे मासा किंवा त्याचा मोबाइलवरचा फोटो दाखवून "ताएरो?" एवढंच, ताहितीच्या भाषेत विषारी. एका अटॉलवर जेटीशी बसलेल्या आजींनी माझ्यासाठी वाळूत काडीने आख्खं लगून, म्हणजे अटॉलच्या आतलं पाणी, काढून दिलं होतं, गोल, त्याला एक फट म्हणजे पास, मग गावाकडच्या बाजूवर हात फिरवून मान डोलावली आणि पासच्या उजव्या अंगाला काडी दोनदा आपटून नाही नाही. एकाच लगूनमध्ये एका बाजूचा मासा चालतो आणि समोरच्या बाजूचा नाही, हे कुठल्याच चार्टवर नसतं. आणि शेजारच्या अटॉलवर हाच हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

आता जेवायचा मासा कुठनं आणायचा, तर बाहेरून, खोल पाण्यातून. कुपा म्हणजे ट्यूना, माही-माही आणि वाहू, जो आपल्या सुरमईचा लांबोडका दांडगा भाऊबंद समज, ह्यांच्या बाबतीत सिग्वातेराची काळजी जवळपास नाही. आणि गंमत म्हणजे त्यासाठी रीफपासून फार लांब जावं लागत नाही. हे अटॉल म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखींच्या माथ्यावर वाढलेली प्रवाळाची कडी, डार्विन १८३५ मध्ये बीगलवरून ह्याच भागातून गेला होता आणि अटॉल कसे बनतात त्याचा त्याचा सिद्धांत हाच. त्यामुळे कडेपासून थोडं बाहेर आलं की तळ शेकडो मीटर खाली, खोल समुद्राचे मासे रीफच्या अगदी उंबऱ्यावर येतात. मार्केसासहून तुआमोतू साधारण ५०० सागरी मैल, म्हणजे चार दिवस धर. ह्या चार दिवसांत फ्रीज भरून ठेवायचा (फ्रीज चालू असला तर), म्हणजे अटॉलवर पोचल्यावर भुकेपायी वेडेवाकडे मासे खायची वेळ येत नाही.

बोटीमागे ओढायला रॉड लागत नाही, मी तर म्हणेन नकोच. दोन हातदोर पुरे. शंभर किलोच्या आसपास ताकदीची जाड नायलॉन, एक २०-२५ मीटर, दुसरी ४०, आणि बोटीकडच्या टोकाला ताण शोषायला जाड रबरी शॉक कॉर्ड. मासा लागलाय हे कळायला माझी युक्ती कपडे वाळत घालायच्या चिमट्याची, दोरीचा एक वेढा चिमट्यात अडकवून चिमटा रेलिंगच्या वायरला लावायचा, मासा लागला की चिमटा फाटकन उडतो आणि आत झोपलेल्यालाही ऐकू येतं. ल्युअर, रबरी माकूल हिरवा-पिवळा माही-माहीला, जांभळा-काळा पहाटेला आणि वाहूला, आणि एक सीडर प्लग, म्हणजे नुसता लाकडाचा गोळीसारखा तुकडा, पुढे शिसं, रंग नाही काही नाही, बघून कोणी विकत घेणार नाही पण लहान कुप्याला त्याच्यासारखं दुसरं नाही. पाच ते सात नॉटच्या वेगाला हे सगळे नीट चालतात. ल्युअर बोटीमागच्या लाटेच्या पुढच्या उतारावर पळायला हवा, मध्येच पाणी सोडून उड्या मारत असेल तर दोरी मीटर-दोन मीटर कमीजास्त कर. वाहूचे दात म्हणजे विळीची पात, त्याच्यासाठी अर्धा मीटर स्टीलची वायर. आणि ल्युअरबरोबर येणारे तीन तोंडांचे गळ पहिल्या दिवशीच काढून फेक, एकेरी गळ लाव आणि त्याचा काटा पकडीने चेपून टाक. का ते पुढे सांगतो.

वेळ पहाटेची आणि दिवस कलताना. पक्षी बघत राहा, एकच पक्षी सरळ रेषेत चाललाय तर तो घरी चाललाय, दहा-बारा एका जागी घिरट्या घालत खाली झेपावतायत तर तिकडे जा. मासा आला की मात्र पहिल्यांदा बोटीकडे बघायचं. मोटारबोट थांबते, शिडाची बोट थांबत नाही, वाऱ्यावर पाच नॉटने चाललेली बोट आणि मागे दहा किलोचा वाहू, तो ओढून हाताची सालं निघतात. म्हणून आधीच ठरवून ठेवा की कोण पुढचं शीड गुंडाळणार, कोण सुकाणूवर, कोण दोरीवर, आणि दोरीवरच्याने हातमोजे घालायचे, दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. मासा डेकवर आला की कल्ल्यात घोटभर स्वस्त रम ओत, लगेच शांत होतो, डोक्यात दांडा घालत बसलास तर कॉकपिटभर रक्त आणि कॅप्टनची बोलणी. मग कल्ले कापून बादलीत उलटा धरून रक्त जाऊ दे आणि ताबडतोब सावली, बर्फ, ओला टॉवेल जे असेल ते. कुपा किंवा माही-माही उन्हात तासभर पडला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, खाल्ल्यावर चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, आणि हेही शिजवून जात नाही. एक मोठा मासा मिळाला की दोऱ्या आत. चार माणसांना दोन दिवस पुरेल एवढा मासा असताना परत ल्युअर टाकणारे लोक मी पाहिलेत, तिसऱ्या दिवशी पोर्टहोलमधून सगळं समुद्रात.

हे मी तुला नाही सांगितलं तर कोणी सांगणार नाही. पासमध्ये शिरताना दोऱ्या आत असल्या पाहिजेत. तुआमोतूला जुने खलाशी धोकादायक द्वीपसमूह म्हणायचे ते उगाच नाही. बाहेरच्या मोठ्या लाटा रीफवरून लगूनमध्ये पाणी ओततात आणि ते सगळं पाणी त्या एका फटीतून बाहेर पडतं, त्यामुळे भरती-ओहोटीच्या तक्त्यात स्थिर पाण्याची वेळ लिहिली असली तरी दक्षिणेकडून मोठ्या लाटा येत असतील तर पाणी जवळपास दिवसभर बाहेरच वाहत राहतं. त्यात वारा समोरून आला की पासच्या तोंडाशी उभ्या लाटा. पाणी बाहेर येतंय म्हणजे तोंडाशी मासे ताटकळत उभे, हे खरंय, म्हणूनच मोह होतो. माझ्या दुसऱ्या सफरीत मी २५ मीटरवाली दोरी "शेवटची पाच मिनिटं" म्हणत ठेवली, मध्ये प्रवाहाने बोट आडवी व्हायला लागली, कॅप्टनने इंजिन रिव्हर्समध्ये टाकलं आणि दोरी सरळ पंख्यात. इंजिन बंद. दोन्हीकडे रीफवर फेस, बोट आडवी. पुढचं शीड अर्धं उघडं होतं म्हणून वाचलो, प्रवाहाने आम्हाला परत बाहेरच फेकलं, आत नाही, हे नशीब. बाहेर येऊन मी कमरेला दोर बांधून सुरी घेऊन खाली गेलो आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास होता, नायलॉन शाफ्टवर वितळून बसली होती. तेव्हापासून माझा नियम, अटॉलची माडं डेकवरून दिसायला लागली, म्हणजे सात-आठ मैल, की एकच दोरी, आणि पासला दोन मैल उरले की तीही आत. पासमध्ये तू दोरीपाशी नाही, पुढे टोकावर उभा पाहिजेस, डोळ्याला पोलराइड चष्मा, ऊन पाठीमागे, आणि पाण्याच्या रंगावर नजर. तपकिरी म्हणजे प्रवाळ अगदी वर, फिकट हिरवा म्हणजे वाळू नि उथळ, निळा म्हणजे ठीक. मोत्यांच्या शेतीचे दोर आणि बोयेही लगूनभर पसरलेले असतात, काही पाण्याखाली.

ह्या मोत्यांच्या शेतीचे सुटलेले बोये किनाऱ्यावर पडलेले मिळतात, ते दोन-तीन उचलून ठेवा, नांगराच्या साखळीला ठरावीक अंतरावर बांधले की साखळी तळापासून वर तरंगत राहते आणि प्रवाळाच्या डोक्यांना गुंडाळत नाही. नांगर नेहमी वाळूत. हे मासेमारीत बसत नाही पण ज्या रीफवर गरवणार त्याच रीफवर साखळी घासायची म्हणजे काय.

आता खरी मजा, डिंगीतून, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीतून, ल्युअर फेकणं. ह्यासाठी मात्र रॉड. सात फुटी, दोन-तीन तुकड्यांत मोडणारा, आणि मोठा स्पिनिंग रील, ५० ते ८० पौंडी ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, पुढे लीडर म्हणून १०० पौंडाच्या वरची जाड नायलॉन दीड-दोन मीटर. प्रवाळाच्या कडेवर दोरी नुसती घासली की संपली, म्हणून बारीक दोरीची हौस इथे चालत नाही. ब्रेडला लीडर जोडायची एफजी गाठ हलत्या डिंगीत बसून मारायची नाही, रात्री केबिनमध्ये बसून सहा-सात लीडर तयार करून गुंडाळून ठेव. ल्युअर तीनच प्रकारचे ने. पॉपर, म्हणजे पुढून खोलगट तोंडाचा, ओढला की गुळूम आवाज करत पाणी उडवणारा. स्टिकबेट, तो पाण्याखाली आळसटून डुलत येतो. आणि पिसांचे जिग, ५० ते ८० ग्रॅमचे, जे दिसायला अगदीच फालतू पण सगळ्यात जास्त मासे मला त्यांनीच दिलेत.

संध्याकाळी साडेचारचा सुमार, लगूनच्या आतल्या बाजूला, एक प्रवाळाचं डोकं जवळजवळ पाण्याला टेकलेलं, एका बाजूला फिकट हिरवं दोन मीटर पाणी आणि दुसऱ्या बाजूला एकदम गडद. पॉपर उथळात टाकायचा आणि गडदकडे ओढायचा. एकदा ओढून थांबायचं, मनात दोन मोजायचे, परत ओढायचं. जीटी येताना आधी पाण्याला फुगा येतो, पाणी नुसतं वर उचललं जातं, पॉपरच्या मागे हातभर, आणि तिथेच सगळे नवखे झटका मारतात आणि पॉपर माशाच्या तोंडातून काढून घेतात. वजन हाताला लागेपर्यंत ओढतच राहायचं. मग मात्र पहिली दहा सेकंदं सगळं ठरवतात, कारण तो सरळ त्या प्रवाळाच्या डोक्याकडे जाणार, ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, इतका कसलेला पाहिजे की डिंगीच त्याच्यामागे ओढली जाईल, आणि ती ओढली जाते, मी रबरी डिंगीत बसून शंभर मीटर गेलोय.

काटा चेपायचं कारण आता. एक म्हणजे जो मासा खायचा नाही तो दहा सेकंदांत सुटला पाहिजे, पाण्यातच, ओल्या हाताने, कल्ल्यात बोटं न घालता, जबड्याला लटकावून फोटो न काढता. दुसरं म्हणजे तुझा हात. हलती डिंगी, तडफडणारा मासा, ल्युअरला दुसरा गळ, आणि दवाखाना दोन दिवसांवर. चेपलेला गळ हातात गेला तर मागे ओढला की निघतो. न चेपलेला असेल तर गळाच्या बाकात जाड दोरीचा फास घालायचा, गळाचा दांडा कातडीवर दाबून धरायचा आणि दोरीला एकच सरळ हिसका. नुसतं वाचून जमेल असं वाटतं, जमत नाही, निघण्याआधी संत्र्यावर सराव कर. डोळ्याच्या आसपास असेल तर हात लावू नको, वरून झाकून माणसाला दवाखान्याकडे न्यायचं.

डिंगीचं मला माशांपेक्षा जास्त भय वाटतं. बाहेरच्या कडेला आउटबोर्ड इंजिन बंद पडलं आणि वारा किनाऱ्यावरून बाहेर असेल, व्यापारी वाऱ्यात पश्चिमेच्या बाजूला तो असतोच, तर पुढची जमीन शेकडो मैलांवर. वल्ही, छोटा नांगर आणि भरपूर दोर, पाणी, हातातला व्हीएचएफ रेडिओ, आणि बोटीवर एक माणूस जो तो चालू ठेवून बसलाय. एकट्याने बाहेरच्या कडेला जायचं नाही. आतल्या लगूनमध्ये हे सगळं निम्म्याने सोपं आहे आणि तुझ्या पहिल्या फेरीला आतलंच पुरे.

शार्क. असणारच. लागलेला मासा अर्धा होऊन वर येईल, पहिल्यांदा शिवी येते तोंडात, नंतर सवय होते. एकाच जागी दोनदा असं झालं की जागा सोड, नाहीतर तू फक्त त्यांना जेवायला घालतोयस. फ्रेंच पॉलिनेशियाच्या सगळ्या पाण्यात शार्कना पूर्ण संरक्षण आहे, २०१२ पासून एकही जात वगळलेली नाही, तेव्हा शार्क लागला की लीडर जितकी जवळून कापता येईल तितकी जवळून काप आणि जाऊ दे. नांगरलेल्या बोटीवरून मासा साफ करून आतडी टाकू नको, शेजारच्या बोटीवरची पोरं तिथेच पोहत असतात. तुआमोतूतल्या फाकारावा अटॉलच्या दक्षिण पासमध्ये साधारण ७०० करडे रीफ शार्क एका जागी राहतात आणि जून-जुलैच्या पौर्णिमेला हजारोंनी गोबरे तिथे अंडी घालायला जमतात, तुझी वेळ नेमकी तीच येतेय, पण तिथे गळ टाकायचा नाही, मास्क लावून बघायला उतर. फाकारावा आणि आजूबाजूचे मिळून सात अटॉल युनेस्कोचं राखीव क्षेत्र आहे, शिवाय बऱ्याच ठिकाणी गावानेच घातलेली बंदी असते, राहुई म्हणतात, अमुक भाग अमुक काळ कोणी मारायचा नाही. पोचल्यावर आधी गावच्या मेरीत, म्हणजे ग्रामपंचायतीतच समज, विचारून ये. त्या निमित्ताने ओळख होते आणि सिग्वातेराचंही तिथेच कळतं.

गोडं पाणी बोटीवर मोजून असतं, रील धुवायला कॅप्टन देणार नाही, ओलं फडकं पिळून पुसायचा आणि महिन्यातून एकदा ग्रीस. गळ मात्र गंजतातच, एकेरी गळांची दोन पाकिटं जास्तीची ने.

आणि तू शेवटी हळूच विचारलंयस की मसाला किती नेऊ. मालवणी मसाला अर्धा किलो, कोकम एक किलो, तिरफळं मूठभर डबीत. बंद पाकिटात घे, लेबल असलेलं, आणि उतरताना विचारतील तर दाखव. तिथली लोकं कच्चा कुपा लिंबू पिळून नारळाच्या दुधात घालून खातात, तुला तो वाढतील, ताजा असतो, बिनधास्त खा, मग दुसऱ्या दिवशी त्यांना आपलं कोकम घातलेलं कुप्याचं कालवण नेऊन दे. नारळ मात्र झाडाखाली पडलेला दिसला म्हणून उचलू नको, प्रत्येक माडाला मालक आहे, खोबरं वाळवून विकणं हेच तिथल्या कित्येकांचं पोट. विचारलंस तर दोनाच्या जागी सहा देतील, सोलून.